खेमकरणचा चिखल

वर्ध्याकडच्या माणसाला लष्कर म्हटलं की पुलगावचा दारूगोळा डेपो आठवतो. रणगाडा मात्र आमच्यापैकी फार थोड्यांनी जवळून पाहिलेला असतो. सावंगी (मेघे) इथले आमचे शेजारी काका त्याच डेपोतून निवृत्त झालेले. पंजाबचा बेत ठरला तेव्हा सुवर्णमंदिराच्या पाठोपाठ त्यांनी खेमकरणचं नाव घेतलं. सेवाग्रामहून रेल्वेने दिल्ली, तिथून अमृतसर, पुढे भाड्याची गाडी.

भिखीविंड मागे पडलं की मुलूख सपाट होतो. टेकडी नाही, खडक नाही. कालवे, भाताची शेतं आणि मध्येच उसाचे पट्टे. खेमकरणला लागूनच सरहद्द, आणि अलीकडे असल उत्तर हे गाव. ८ ते १० सप्टेंबर १९६५ या तीन दिवसांत भारत-पाक युद्धातली रणगाड्यांची मोठी झुंज इथे झाली.

पाकिस्तानच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनने खेमकरण घेतलं होतं. पुढे बियास नदीवरचा पूल गाठायचा आणि अमृतसर तोडायचं, असा त्यांचा डाव. हाताशी अमेरिकन पॅटन रणगाडे. वजन ४५ टनांच्या आसपास, तोफ ९० मिलिमीटरची. समोर मेजर जनरल गुरबक्षसिंग यांची चौथी माउंटन डिव्हिजन आणि ब्रिगेडियर थिओगराज यांची चिलखती ब्रिगेड. आपले रणगाडे तीन जातींचे: तिसऱ्या कॅव्हलरीचे सेंच्युरियन, आठव्या लाइट कॅव्हलरीचे हलके फ्रेंच एएमएक्स आणि डेक्कन हॉर्सचे दुसऱ्या महायुद्धातले शर्मन. कागदावर पॅटन या साऱ्यांना भारी होता.

आपल्या सैन्याने मागे सरून असल उत्तरभोवती घोड्याच्या नालाच्या आकारात मोर्चे बांधले. रणगाडे उसात दडवले. कालव्याचं पाणी शेतांत सोडलं. नालाच्या आत शिरलेले पॅटन चिखलात रुतले, आणि उसातून तिन्ही बाजूंनी गोळे सुरू झाले. पॅटनमधलं अंतर मोजण्याचं यंत्र नवलाचं होतं, पण वापरायला किचकट. दोन-चारशे मीटरवरून मार बसत असताना त्याचा उपयोग तो काय! भारतीय लष्कराच्या मोजणीनुसार शत्रूचे ९७ रणगाडे नष्ट झाले किंवा हाती लागले. त्यांतले बरेचसे भिखीविंडजवळ आणून रांगेने उभे केले गेले. लोक त्या जागेला पॅटननगर म्हणू लागले.

काका धुऱ्यावरून खाली उतरले आणि पाणी दिलेल्या बांधीत पाय ठेवला. पाय घोट्याच्या वर गेला. ‘‘आपल्याकडे पोळ्याच्या सुमारास काळ्या वावरात बंडी फसते ना, बैल सोडून द्यावे लागतात,’’ ते म्हणाले. ‘‘इथं तर पंचेचाळीस टन!’’

डेक्कन हॉर्सशी आमच्या भागाचं जुनं नातं आहे. वर्धा नदी ओलांडली की वऱ्हाड लागतो. १८५३ मध्ये इंग्रजांनी निजामाकडून तो आपल्याकडे घेतला, तो हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चापोटी. डेक्कन हॉर्सचे पूर्वज म्हणजे त्याच फौजेतले घोडेस्वार. म्हणजे वऱ्हाडच्या शेतसाऱ्यावर हा रिसाला पोसला गेला. पुढे घोडे गेले, रणगाडे आले. १९४५ मध्ये ब्रह्मदेशात ही रेजिमेंट शर्मन घेऊनच लढली होती.

असल उत्तरला तिचं नेतृत्व एका मराठी माणसाकडे होतं. लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार श्रीधर वैद्य, जन्म अलिबागचा, १९४५ साली याच रेजिमेंटमध्ये दाखल झालेले. या लढाईसाठी त्यांना महावीर चक्र मिळालं. १९७१ मध्ये बसंतर नदीच्या मोहिमेत सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून त्यांनी आपली चिलखती ब्रिगेड पार नेली आणि दुसऱ्यांदा तोच सन्मान मिळवला. याच मोहिमेत पूना हॉर्सचे, पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल जळत्या सेंच्युरियनमधून लढत राहिले आणि परमवीर ठरले. वैद्य पुढे लष्करप्रमुख झाले. निवृत्तीनंतर काही महिन्यांतच, १० ऑगस्ट १९८६ रोजी, पुण्यात अतिरेक्यांनी त्यांची हत्या केली.

गावात वीर अब्दुल हमीद यांची कबर आहे. चौथ्या ग्रेनेडियर्सचे हे हवालदार उत्तर प्रदेशातल्या गाझीपूर जिल्ह्याचे. चिलखत नसलेल्या जीपवर १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ. गोळा सुटला की मागे धुरळ्याचा लोट उठतो आणि शत्रूला जागा कळते, म्हणून प्रत्येक वेळी जीप हलवायची. अशा तोफेने त्यांनी एकामागून एक पॅटन उडवले आणि १० सप्टेंबरला त्यांना वीरमरण आलं. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. काकांनी तिथे चपला काढून सलाम केला.

१९६५च्या त्याच युद्धातलं फिल्लौराचं मैदान पाकिस्तानात आहे. तिथे पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर लढले. ११ सप्टेंबरला जखमी होऊनही ते मागे गेले नाहीत आणि १६ तारखेला धारातीर्थी पडले. मुंबईत जन्मून पुण्यात शिकलेल्या या परमवीराची रणभूमी आपल्याला पाहता येत नाही.

यंत्रं मात्र आपल्याच राज्यात आहेत. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, लष्कराचं रणगाडा संग्रहालय आहे. १९९४ मध्ये ते सुरू झालं. परतल्यावर आम्ही तिथेही गेलो. शर्मन, सेंच्युरियन, पॅटन एकाच आवारात. उंच, अंगाने सडपातळ शर्मनशेजारी पॅटन पाहिला की पहिला विचार येतो तो हाच, की शर्मनने याच्यापुढे उभं तरी कसं राहावं! त्याचं उत्तर संग्रहालयात मिळत नाही, ते असल उत्तरच्या शेतात मिळतं. लढाई पोलादाने जिंकली नाही. आपली जमीन ओळखणाऱ्या आणि तोफेवर हात बसलेल्या माणसांनी ती जिंकली.

शिर्डी-शिंगणापूरला जाणाऱ्या विदर्भकरांनी नगरला दोन तास जास्तीचे काढावेत. आणि अमृतसरला गेलात तर अटारीची परेड जरूर पाहा, पण एक अर्धा दिवस असल उत्तरसाठी राखून ठेवा. मुलांना सोबत न्या.