कोगनोळीच्या नाक्यावर

कोल्हापूरहून निपाणीकडे निघालं की कागल मागे पडतं, दूधगंगेचा पूल येतो आणि पुलापलीकडे पाट्या कानडी होतात. पाट्याच तेवढ्या. चहावाला, फाट्यावरचं वडाप, उसाच्या ट्रॅक्टरवरचा पोऱ्या, सगळे मराठीच बोलतात. कोगनोळी हे माझ्या आजीचं माहेर. गेल्या मे महिन्यात तिला घेऊन जाताना टोलनाक्याच्या रांगेत मागून एका टेम्पोने आमच्या गाडीला ढुशी दिली.

कुणाला खरचटलंही नाही. बंपर एका बाजूने आत गेला, मागचा उजवा दिवा फुटला. टेम्पोचा नंबर केए 23, म्हणजे चिकोडीचा. आमचा एमएच 09. चालवणारा माझ्याच वयाचा, पार घाबरलेला. "काका, ब्रेक लागलाच न्हाई," म्हणत त्याने पाचशेची नोट पुढे केली. बाबांनी ती घेतली नाही. त्याचा फोन नंबर घेतला, आणि मला फोटो काढायला लावले: दोन्ही नंबरप्लेट, मोडतोड, मागे टोलनाका दिसेल असे. त्यानंतरच गाडी हलवली.

मामाआजोबांच्या सोप्यात बसून मी मोबाईलवर क्लेमचा अर्ज भरायला घेतला. 'अपघाताचं ठिकाण' या रकान्याशी आल्यावर चुलतमामा म्हणाला, "कागल टाक की. परराज्य म्हटलं की नसती कटकट."

आजी आतून आली. "परराज्य? माझं माहेर व्हय?"

1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली, तेव्हा ती पाच वर्षांची होती. मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, त्यातला फक्त चंदगड तालुका इकडे आला. आजीचं लग्न पुढे कागलला झालं. सासर-माहेरात एक नदी आणि एक राज्य. तरीही ती मला म्हणाली, "धडक जिथं झाली तिथलंच लिही. कर्नाटक तर कर्नाटक."

कायद्याच्या दृष्टीनेही तिचंच बरोबर होतं. गाडीचा विमा साऱ्या भारतात चालतो, राज्य बदललं म्हणून काही अडत नाही. अडतं ते खोट्या माहितीने. फास्टॅगच्या मेसेजमध्ये कोगनोळी आणि अर्जात कागल, एवढी विसंगती क्लेम नाकारायला पुरली असती.

चूक टेम्पोची, मग त्याच्या विम्यातून का नाही? कारण तसा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात लावावा लागतो, आणि एका बंपरसाठी कोर्टाच्या पायऱ्या कोण चढणार? म्हणून अशा वेळी लोक आपल्याच पॉलिसीतून पैसे मागतात.

बाबांनी मात्र आधी कागद-पेन्सिल मागवली. वर्कशॉपने फोटो पाहून 13,000 सांगितले होते: बंपर 6,000, दिवा 3,000, रंगकाम 4,000. प्लास्टिकच्या भागांवर निम्मी घसारा-कपात, म्हणजे 4,500 गेले. रंगाच्या बिलातला चौथा हिस्सा साहित्याचा धरतात आणि त्याचा निम्मा कापतात, ते 500. वर सक्तीची कपात 1,000, कारण आमची गाडी 1500 सीसीच्या आतली. हातात 7,000. (झिरो डेप असतं तर बेरीज वेगळी झाली असती, ते आम्ही दोन वर्षांपूर्वी पैसे वाचवायला बंद केलं होतं.)

आता दुसरी बाजू. आमचा नो क्लेम बोनस 50 टक्के होता. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा मूळ हप्ता 8,000, आम्ही भरतो 4,000. क्लेम घेतला की बोनस शून्य, आणि मग पुन्हा 20, 25, 35, 45 अशी चढण. हप्ता तेवढाच धरला तर पाच वर्षांत 10,000 जादा जाणार.

"सात मिळवायला दहा घालवायचे?" बाबांनी पेन्सिल ठेवली.

दुसऱ्या दिवशी निपाणीतल्या एका मेस्त्रीने बंपरवर उकळतं पाणी ओतून तो आतून ढकलला. टप्पकन बाहेर आला. थोडा पोचा राहिलाय, पण मागून निरखून बघणाऱ्यालाच दिसतो. दिव्यासकट 4,200 रुपये. टेम्पोवाल्याला बाबांनी फोन केला, तर तो म्हणाला दिव्याचे अर्धे मी देतो, आणि संध्याकाळी 1,500 पाठवलेही.

अर्ज माझ्या मोबाईलमध्ये अर्धवट आहे अजून. पुसायला गेले तर आजीने थांबवलं. ठिकाणाच्या रकान्यात 'कोगनोळी, ता. निपाणी, जि. बेळगाव' असं लिहिलेलं तिला दाखवलं होतं, तेव्हा तिने ते दोनदा वाचायला लावलं होतं.