रुमालातील निशाणी

आमच्या देवघरात चौकटीत बसविलेली वंशावळ आहे. आठ पिढ्यांची नावे तीत वळणदार अक्षरांत लिहिलेली असून ती सर्व पुरुषांची आहेत. तिच्याबरोबर एक कथाही चालत आली आहे. सुपे परगण्यातील कऱ्हेकाठचे आमचे इनाम सरकारजमा होण्याच्या बेतात होते, ते खापरपणजोबांनी मोठ्या हिकमतीने राखले, अशी ती कथा. घराण्याचा कुलवृत्तांत नव्याने छापावयाचे ठरले, तेव्हा तिला कागदाचा आधार शोधण्याचे काम थोरल्या काकांनी माझ्याकडे सोपविले.

पुण्यास बंडगार्डन रस्त्यावर कौन्सिल हॉलच्या जवळ एक भक्कम दगडी इमारत आहे. ती पुण्याचे पुराभिलेखागार. जुन्या माणसांच्या तोंडी मात्र ती अद्यापि ‘पेशवे दफ्तर’च आहे. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि मराठी राज्याचे कागद इंग्रजांच्या हाती आले. त्यांनी ते जपले, ते इतिहासाच्या प्रेमाने नव्हे, तर जमिनी व इनामे यांच्या चौकशीस लागतात म्हणून! त्यांतून रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड प्रसिद्ध केले. पण त्यांत मुख्यतः राज्यकारभार व मोहिमा. तुमच्याआमच्यासारख्यांची घराणी शोधावयाची तर मूळ रुमालच सोडले पाहिजेत. कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यास तेथे रुमाल म्हणतात.

केवळ आडनाव घेऊन तेथे जाणाऱ्याने रिकाम्या हाताने परतण्याची तयारी ठेवावी. गाव, परगणा आणि अदमासे साल ही तीन हाती हवीत. जुन्या कागदांत आडनाव पुष्कळदा नसतेच. ब्राह्मणाची ओळख त्याचे नाव, बापाचे नाव, गोत्र व सूत्र यांवरून पटवावी लागते. साल अरबी शब्दांत असते. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७२. त्यात ५९९ मिळविले की १७७१ हा इसवी सन निघतो. मात्र हे वर्ष मृगापासून सुरू होत असल्यामुळे पुढील जानेवारीपासून मृगापर्यंतच्या कागदास ६०० मिळवावे लागतात. आणि सर्वांआधी मोडी यावयास हवी. शब्दाशब्दांत जागा न सोडता धावणारी ती लिपी गिरविण्यात माझे चार महिने गेले.

१८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनास अधिकार मिळाले. इनाम कोणी दिले, कोणास दिले, आज ते कोण उपभोगतो, हे इनामदाराने सनदा दाखवून लिहून द्यावयाचे. अशा लेखी निवेदनास कैफियत म्हणत. आमच्या गावची कैफियत पाचव्या दिवशी हाती लागली, आणि पहिल्याच ओळीवर मी थबकलो. कैफियत खापरपणजोबांची नव्हतीच. ते त्या वेळी सात वर्षांचे होते! लिहून देणारी त्यांची आई. तिच्या नावापुढे ‘कोम’ आणि मृत पतीचे नाव. कोम म्हणजे बायको. सनद कोणत्या पेटीत होती, दिराने ती का देऊ केली नाही, ती कशी मिळविली, हे सारे तिने क्रमाने सांगितले होते. अक्षर कारकुनाचे. खाली मात्र तिच्या हातची निशाणी होती. लिहिता न येणाऱ्या कुणब्याने नांगर काढावा, बाईने बांगडी काढावी, असा तेव्हाचा रिवाज. जिच्या हातातील बांगड्या दोन वर्षांपूर्वी फुटल्या होत्या, तिने शाईने एक बांगडी काढली होती. वर्तुळ एका बाजूस किंचित उघडेच राहिले होते.

नक्कल घेऊन घरी आलो. वंशावळीत बायकांची नावे घालण्याची चाल नाही, असे काका पूर्वी निक्षून सांगत. त्यांनी नक्कल दोनदा वाचून घेतली. मग बऱ्याच वेळाने विचारले, “तिचे माहेर कोठले रे?”

ते कोणासच ठाऊक नव्हते. कैफियतीत नाही, वंशावळीत नाही. आता नाशिकच्या आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहावयाच्या आहेत. यात्रेस आलेल्यांची नावे त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली असतात. तेथे काही सापडेल, न सापडेल. ती जमीन कुळकायद्यात कधीच गेली. तिचे कोणास वाईट वाटत नाही. परंतु जिने ती राखली, तिचे श्रेय आम्ही दीडशे वर्षे तिच्या मुलाच्या नावे मांडीत आलो, याचे वाटते.

काकांच्या सांगण्यावरून वंशावळ चौकटीतून बाहेर काढली, आणि तिचे नाव तिच्या पतीच्या नावाशेजारी लिहिले. वाचकांस एवढीच विनंती, की पुण्यास सवडीने जावे. रुमाल कोठे जात नाहीत. परंतु घरात एखादी वृद्ध आत्या किंवा आजी असेल, तर तिच्या आईचे, आजीचे नाव व माहेर आज संध्याकाळीच विचारून वहीत टिपून ठेवावे.