जागलीच्या सोबतीचे मोल

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर पांढरकवडा लागते. केळापूर तालुक्याचे हे मुख्य ठिकाण. गाव सोडून कुठल्याही खेड्याची वाट धरा, दोन्ही बाजूंना कापूस, तूर, सोयाबीन. जवळच टिपेश्वरचे जंगल, 1997 पासून अभयारण्य. पीक हाताशी आले की इथे जागल सुरू होते, कारण रानडुकरे आणि रोही एका रात्रीत वावर साफ करतात. त्यात शेतीपंपाची वीज पाळीपाळीने रात्रीची येते. हरभऱ्याला ओलित करायचे तर थंडीत, अंधारात जाणे आलेच.

टी-1 वाघिणीच्या काळात तर एकट्याने वावरात जायला कोणी धजेना. तेरा माणसांच्या बळींचा ठपका तिच्यावर होता. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ तिला गोळी घातली. भीती मात्र मागे राहिली.

घरात दुसरा गडी नसेल तर रोजीने माणूस न्यावा लागतो. त्याने मोटार सुरू करायची नाही, पाणी वळवायचे नाही. बॅटरी घेऊन धुऱ्यावर बसायचे, अधूनमधून खाकरायचे. मध्यरात्रीनंतर बोलणेही संपते. शेकोटीपलीकडे कोणी बसले आहे, एवढ्यावर माणूस पहाट गाठतो. हे काम सोपे वाटणाऱ्याने पौषातली एक रात्र बसून बघावे!

त्याच 2018 साली जपानमध्ये शोजी मोरिमोतो नावाच्या गृहस्थाने 'काहीच न करणारा माणूस' म्हणून स्वतःला भाड्याने द्यायला सुरुवात केली. कोणाबरोबर गुमान जेवायला बसायचे, कोणाला स्टेशनवर हात हलवून निरोप द्यायचा. पुढे तो एका वेळचे 10,000 येन घेऊ लागला. जगाने त्याचे कौतुक केले.

आमच्या धुऱ्यावरच्या माणसाला मात्र सकाळी ऐकावे लागते, "बसूनच तर होतास, पैसे कशाचे?" गावासाठी रात्रभर जागायचे आणि मोल म्हणून भाकरतुकडा घ्यायचा, हे आपल्या आज्या-पणज्यांनी भोगले. त्या वतनी राबणुकीविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बिल मांडले होते.

पण सोबत मागणारा दरवेळी मोठा शेतकरी नसतो. या जिल्ह्यात आत्महत्येने कर्ता पुरुष गेलेली घरे पुष्कळ आहेत. तिथल्या बाईला दोन एकरांसाठी सोबत विकतच घ्यावी लागते. तिच्याशी घासाघीस करू नये, आणि तिनेही रोजी संध्याकाळीच ठरवून घ्यावी.