देवळाची तबकडी

होस्टेलवर कुणी गाव विचारलं आणि मी "जेऊर" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे जेवण बरं मिळत असेल ना तिकडं?" मेसच्या आमटीकडे बघत हा विनोद मी चार वर्षं ऐकतोय. "कुठलं जेऊर?" असं विचारणारा मात्र शहाणा माणूस समजावा. कारण आमच्या एकट्या सोलापूर जिल्ह्यात दोन जेऊर आहेत. एक अक्कलकोट तालुक्यात आणि दुसरं आमचं, करमाळा तालुक्यातलं, दौंड-सोलापूर लाईनवरचं स्टेशन. नाव एक, गावं दोन. या वर्षी मला याच्या बरोबर उलटा प्रकार भेटला. गाणं एक, नावं दोन. त्याचीच ही गोष्ट.

आमच्या घरी चावीचा फोनो आहे. माझे पणजोबा रेल्वेत सांधेवाले होते, त्यांनी हौसेने घेतलेला. रेकॉर्डी एके काळी पंधरा-वीस होत्या म्हणे. आता चारच उरल्यात. त्यातली एक अब्दुल करीम खाँसाहेबांची, 'मानापमान' नाटकातलं 'चंद्रिका ही जणू' हे पद असलेली. खाडिलकरांचं हे नाटक 1911 चं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. पण खाँसाहेबांनी ते पद असं काही गायलंय की नाटक न पाहिलेल्या माणसालाही ते आपलं वाटतं. पणजोबांनी खाँसाहेबांना मिरजेत प्रत्यक्ष ऐकलं होतं आणि सोलापूरहून ही रेकॉर्ड आणली होती, असं आमच्या घरात सांगतात. या रेकॉर्डला घरात एक खास नाव आहे, 'देवळाची तबकडी'. लहानपणी मी तिच्यावर देऊळ शोधायचो. सापडायचं नाही. लेबलावर फक्त संगीतातल्या स्वरांची ती पाश्चात्त्य खूण, दोन काड्या जोडलेली. आजोबांना विचारलं की म्हणायचे, "आमचं वडील म्हणायचं, म्हणून आमी म्हणतो." विषय संपला.

थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टला आमच्या ग्रुपने जुन्या 78 आरपीएम रेकॉर्डी डिजिटल करायचं घेतलं. खरं सांगायचं तर दुसरे सगळे विषय संपले होते. पण यात इंजिनिअरिंग भरपूर निघालं. एलपीची सुई 78 च्या रेकॉर्डला चालत नाही, कारण 78 ची खाच जवळजवळ तिप्पट रुंद. एलपीला 1 मिलची सुई लागते, 78 ला 3 मिलची. दुसरं म्हणजे वेग. रेकॉर्ड 78 ने भरलेली असेल आणि आपण 80 ने वाजवली, तर स्वर अडीच टक्क्यांनी चढतो. सा पासून कोमल रे पर्यंत जायला सुमारे सहा टक्के लागतात, म्हणजे या चुकीने जवळजवळ अर्धं अंतर आपण कापलंच. गायकाची पट्टीच बदलते, आणि दोष सुरांवर येतो.

मी मोठ्या रुबाबात गाईड सरांना सांगितलं, "सर, आमच्या घरी 1930 च्या दशकातली ओरिजिनल आहे." सरांनी फोटो बघितला, आणि म्हणाले, "लेबल कोलंबियाचं आहे. खाँसाहेबांची शेवटची ध्वनिमुद्रणं ओडियनची. ही नंतरची आवृत्ती दिसते. आधी शोध, मग ओरिजिनल म्हण." ग्रुपमधल्या बाकीच्यांनी त्यानंतर आठवडाभर मला 'डुप्लिकेट' या नावाने हाक मारली.

मग शोध सुरू झाला. या क्षेत्रात काम केलेली माणसं आहेत, हे मला तोवर माहीतच नव्हतं. मुंबईत 1990 मध्ये 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' नावाची संस्था सुरू झाली. तिच्यामागे असलेले सुरेश चांदवणकर हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेले विज्ञानाचे माणूस. ऑस्ट्रेलियाचे मायकेल किनिअर यांनी तर भारतातल्या पहिल्या ध्वनिमुद्रणांच्या याद्या करण्यात आयुष्य घातलं. खाँसाहेबांवर त्यांचं स्वतंत्र पुस्तक आहे, 'संगीतरत्न'. त्यात चरित्र आहे आणि त्यांच्या रेकॉर्डींची यादीही. पुण्यातल्या एका संग्राहक काकांकडे ते चाळायला मिळालं. काकांनी चहा दिला, पण पुस्तक घराबाहेर नेऊ दिलं नाही.

काकांनी मला रेकॉर्ड वाचायला शिकवलं. प्रत्येक रेकॉर्डला दोन नंबर असतात. एक लेबलावर छापलेला, तो विक्रीचा. दुसरा खाचा संपतात तिथे, लेबलाच्या कडेच्या गुळगुळीत पट्ट्यावर उमटलेला. तो मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाची जन्मखूण. त्या काळी गाणं आधी मेणाच्या जाड चकतीवर कोरलं जायचं. त्यावर धातूचा मुलामा चढवून उलटा साचा काढायचा, त्याचं नाव 'फादर'. त्यावरून 'मदर', आणि मदरवरून 'स्टॅम्पर'. हा स्टॅम्पर गरम लाखेच्या मिश्रणावर दाबला की रेकॉर्ड तयार. स्टॅम्पर झिजला की मदरवरून दुसरा काढायचा. कंपनीने लेबल बदललं, विक्रीचा नंबर बदलला, तरी साचा तोच असेल तर मॅट्रिक्स नंबर तोच राहतो. पुढे एलपी आली, कॅसेट आली, सीडी आली, तेव्हा जुन्या रेकॉर्डी वाजवून पुन्हा भरल्या गेल्या आणि ही जन्मखूण मागे पडली. माझ्या वडिलांकडे खाँसाहेबांची एक कॅसेट होती. तिच्या कव्हरवर गाणं मुळात कधी आणि कुठल्या रेकॉर्डीवर आलं याचा एक शब्द नव्हता. ऐकणाऱ्याला वाटावं की माणूस काल स्टुडिओत येऊन गाऊन गेला.

अगदी सुरुवातीच्या रेकॉर्डींची गंमत वेगळीच. गेसबर्ग 1902 मध्ये कलकत्त्याला येऊन गाणी भरून घेऊन गेला, पण रेकॉर्डी छापल्या जायच्या जर्मनीत हॅनोवरला. तिथल्या कामगाराला कुठलं गाणं कुणाचं ते कळावं, म्हणून गौहरजान गाण्याच्या शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायची. 1908 मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला. त्यानंतर आपल्या रेकॉर्डी इथेच छापल्या जाऊ लागल्या.

शेजारच्या रूममधला मित्र इंग्रजी गाण्यांचा किडा आहे. त्याला हे सांगितलं तर म्हणाला, "अरे, आमच्या सोल म्युझिकमध्ये यावरून मारामाऱ्या होतात." 1970 च्या दशकात उत्तर इंग्लंडमधली पोरं विगन कसिनोसारख्या हॉलमध्ये रात्रभर नाचायची, तेही अमेरिकेत कुणी न विचारलेल्या काळ्या गायकांच्या रेकॉर्डींवर. फ्रँक विल्सनची 1965 ची 'डू आय लव्ह यू' ही त्यातली महाराणी. मोटाउन कंपनीच्या 'सोल' याच नावाच्या लेबलवर ती छापली, पण विक्रीला आलीच नाही, मोजक्या प्रती वाचल्या. 1979 मध्ये ती ब्रिटनमध्ये पुन्हा काढली गेली. म्हणजे गाणं कुणालाही ऐकायला मिळत होतं. तरीसुद्धा 2009 मध्ये मूळ प्रत पंचवीस हजार पौंडांच्या वर गेली. मित्र म्हणाला, "बघ, ओरिजिनल ते ओरिजिनल." मी गप्प बसलो. माझी तर कोलंबिया निघाली होती.

काकांच्या कपाटातून निघताना मात्र एक गोष्ट हाती लागली होती. त्यांनी ओडियनची एक जुनी रेकॉर्ड दाखवली. लेबलावर कंपनीचं चिन्ह होतं. पॅरिसच्या ओडियन नाटकघराचं चित्र, वर घुमट. मी बघतच राहिलो. आमच्या जेऊरच्या माणसाला ते काय वाटणार? देऊळच!

म्हणजे पणजोबांची तबकडी खरोखर ओडियनची होती. मग घरात कोलंबियाची कशी?

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो. उजनीच्या पाण्यामुळे आमच्याकडे आता ऊस आणि केळी. पण घराचा जुना भाग तसाच आहे, फोनोही तिथेच. आजोबा आता त्र्याऐंशी वर्षांचे आहेत, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. मी मोठ्या उत्साहाने त्यांना लेबलं, नंबर, ओडियन, कोलंबिया सगळं समजावलं आणि शेवटी विचारलं, "अण्णा, मग देवळाची तबकडी गेली कुठं?"

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ती माज्या हातनं फुटली."

1950 सालची गोष्ट. अण्णा आठ वर्षांचे. पणजोबा पंधरा दिवसांच्या बदली ड्युटीवर कुर्डुवाडीला गेलेले. रेकॉर्डीला हात लावायची कुणालाच परवानगी नव्हती. अण्णांनी ती काढली, हातातून निसटली आणि फरशीवर तिचे चार तुकडे झाले. लाखेचीच ती, काचेसारखी फुटायची. "आईनं मारलं न्हाय मला. नुसती बघत बसली." दुसऱ्या दिवशी पणजीने तुकडे फडक्यात बांधले, तुपाचे साठवलेले पैसे कमरेला लावले आणि अण्णांना घेऊन पॅसेंजरने सोलापूर गाठलं. तिला अक्षरओळख नव्हती. दुकानदाराने तुकड्यांवरचं लेबल जुळवून वाचलं आणि सांगितलं, "बाई, ही कंपनी आता मिळायची नाही. पण हेच गाणं या दुसऱ्या नावानं निघालंय. आवाज तोच."

"दोगंबी घरी आलो. आईनं ती पेटीत ठिवली. म्हणाली, बोलायचं न्हाय."

मी विचारलं, "पणजोबांच्या लक्षात नाही आलं?"

"ड्युटीवरनं आले, जेवले, फोनो लावला. तबकडी हातात घितली. लई येळ बघितली. मग लावली. गाणं सरलं, आन् आईला म्हणाले, देवळाची तबकडी बरी ठिवली गं."

अण्णा थांबले. "मला कायम वाटत आलं की त्यांनला फरक कळलाच न्हाय. म्हातारं फसलं, आसं वाटायचं. मोठा झालो तसं लाज वाटाय लागली. पर सांगायचं कधी? ते गेले."

मी कोलंबियाची रेकॉर्ड त्यांच्यासमोर धरली. "अण्णा, यावर देऊळ कुठाय?"

त्यांनी चष्मा लावून पाहिलं. देऊळ नव्हतंच. सांध्यावर सिग्नल बघण्यात ज्या माणसाची नोकरी गेली, त्याला देऊळ आणि दोन काड्या यांतला फरक कळला नसेल? कळला होता. पहिल्याच मिनिटाला कळला होता. तरी मरेपर्यंत तो माणूस तिला देवळाची तबकडीच म्हणत राहिला, म्हणजे घरात पुन्हा तो विषय निघू नये. अण्णांनी रेकॉर्ड खाली ठेवली आणि टोपी काढून नुसतेच बसले. पंच्याहत्तर वर्षांनी त्यांना कळलं की आपल्याला त्याच दिवशी माफ केलं होतं.

थोड्या वेळाने ते उठले आणि ट्रंकेच्या तळातून एक कागदाची पुडी काढली. त्यात फुटलेल्या रेकॉर्डीचा एक तुकडा, लेबलाच्या कडेचा. अर्धा घुमट दिसत होता. मी मोबाईलचा टॉर्च तिरपा धरला. गुळगुळीत पट्ट्यावर मॅट्रिक्स नंबरातले शेवटचे तीन आकडे शाबूत होते. मग कोलंबियाची तीच बाजू वर केली. शेवटचे तीन आकडे तेच. तीन आकड्यांवर पुरावा म्हणणार नाही, व्हायवात तो टिकणार नाही. पण अण्णांना मी सांगितलं, "दुकानदार खोटं बोलला नव्हता. साचा तोच आहे."

आमच्या प्रोजेक्टला मार्क बरे मिळाले. रिपोर्टात त्या रेकॉर्डीसमोर मी 'ओडियन ध्वनिमुद्रण, कोलंबियाची नंतरची आवृत्ती' असं लिहिलं, कारण नोंद खरी असावी. ओरिजिनलचा तुकडा परत पुडीत गेला. वाजते ती दुसरीच. घरात तिचं नाव अजून देवळाची तबकडी आहे, आणि ते बदलावं असं कुणी सुचवलेलं नाही.