वीस अंशांवरचं माहेर

नकाशावर वाशीमवर बोट ठेवावं आणि सरळ पूर्वेकडे सरकत जावं. ओडिशाचा किनारा, म्यानमार, व्हिएतनाम मागे पडतात आणि अथांग पॅसिफिकमध्ये हवाईची बेटं लागतात. दोन्हीकडचा अक्षांश विसाच्या आसपास. पण वाशीम जिल्ह्याला समुद्र नाही. पैनगंगेला पूर आला, एकबुर्जी धरण भरलं, की आमचे डोळे निवतात. उन्हाळ्यात पाणी मोजून वापरणारी आम्ही माणसं. देवमासा आम्ही पुस्तकातच पाहिलेला.

धाकटा भाऊ नोकरीसाठी सिएटलला गेला आणि तिथलाच झाला. एका उन्हाळ्यात आईला घेऊन त्याच्याकडे गेलो आणि तिथून आम्ही सगळेच अलास्काच्या क्रूझवर निघालो. बेटांच्या आडोशाने जहाज उत्तरेकडे सरकत होतं. दोन्ही बाजूंना स्प्रूस आणि हेमलॉकचं रान थेट पाण्यापर्यंत उतरलेलं, वर बर्फाचे डोंगर. रात्री दहापर्यंत उजेड. नऊवारीवर भावाचं जाड जॅकेट चढवून आई डेकवर बसून राहायची. तिच्या मांडीला टेकून माझा पुतण्या. त्याने वाशीम पाहिलं होतं ते फोनच्या पडद्यावर.

जूनो ही अलास्काची राजधानी, पण बाहेरून तिथे एकही रस्ता जात नाही. बोटीने जा नाहीतर विमानाने. तिथल्या ऑक बेमधून लहान बोटीने आम्ही देवमासे पाहायला गेलो. हम्पबॅक जातीच्या देवमाशापासून शंभर यार्ड, म्हणजे साधारण नव्वद मीटर लांब राहायचं, असा तिथला कायदा आहे. नावाड्याने इंजिन थांबवलं. बराच वेळ काही नाही. मग फस्सकन आवाज झाला आणि पाण्यावर वाफेचा खांब उभा राहिला. वाऱ्याबरोबर कुजक्या मासळीचा उग्र वास आला. जन्मभर माळकरी राहिलेल्या आईने नाकाला पदर लावला नाही. काळी पाठ वर आली, तिच्यावरचा छोटा उंचवटा दिसला, पाठीची कमान झाली, आणि शेपूट सावकाश उभी राहिली. तिच्या खालच्या बाजूला काळ्यापांढऱ्या खुणा होत्या. प्रत्येक हम्पबॅकच्या शेपटीवरची ही नक्षी वेगळी असते; तिच्यावरूनच अभ्यासक त्यांना वर्षानुवर्षं ओळखतात.

थोड्या वेळाने तीच शेपूट पुन्हा दिसली आणि तिच्या कुशीला लागून एक लहानसा फवारा उडाला. पिल्लू होतं. आईने नातवाला जवळ ओढलं. "पाह्य बाप्पा, थे त्याची माय हाये. लेकराले वाट दाखवून राह्यली."

तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण तेच खरं होतं. या भागातले बहुतेक हम्पबॅक हिवाळ्यात हवाईच्या कोमट पाण्यात जातात. मादी तिथेच विते. बाळंतपणाला माहेरी जावं तशी. जन्मतःच पिल्लू चारेक मीटर लांब असतं. पण ते निळं, नितळ पाणी तिच्यासाठी उपाशी आहे. तिथे तिला खायला जवळजवळ काही मिळत नाही. महिनोन्‌महिने अंगच्या चरबीवर ती पिल्लाला दाट दूध पाजते आणि मग त्याला घेऊन चार-पाच हजार किलोमीटर पोहत इथे येते. कारण अन्न इथे आहे. खोलातली क्षारद्रव्यं वर येतात, उन्हाळ्याचा लांबलचक दिवस त्यांच्यावर पडतो, सूक्ष्म वनस्पतींनी पाणी हिरवं, गढूळ होतं. त्यावर क्रिल जगतात, हेरिंग जगतात आणि त्यांच्यावर देवमासे.

पिल्लाचा हा पहिला प्रवास आईच्या सोबतीने होतो. वर्षभरात ते वेगळं होतं. पण आईने दाखवलेल्या त्याच पाण्यात ते पुढे बहुधा आयुष्यभर येत राहतं. शिकारीने हे देवमासे संपत आले होते. उत्तर पॅसिफिकमध्ये 1966 साली त्यांना संरक्षण मिळालं. जगल्या त्या माद्यांबरोबर ही वाटही जगली.

आपल्या अरबी समुद्रातल्या हम्पबॅकना मात्र असं दूर जावं लागत नाही. आमच्या सोयाबीनवर बरसणारे नैर्ऋत्य मोसमी वारे ओमानच्या किनाऱ्याजवळ समुद्र ढवळतात, खालचं गार, सकस पाणी वर आणतात, आणि तिथल्या थोडक्या देवमाशांचं घरच्या घरी भागतं. घरी भागलं तर कोण कशाला उत्तरेला जाईल? भाऊ गेला तोही पोटासाठीच. इतकी वर्षं मला त्याचं जाणं तुटल्यासारखं वाटायचं. त्या बोटीवर ते वाटणं गेलं. पोटासाठी लांब जाण्यात काही तुटत नाही. जाण्यायेण्याची वाट पुढच्याला दाखवायची राहिली, तरच तुटतं.

आईने तिथेच ठरवून टाकलं: येत्या डिसेंबरात नातू वाशीमला. तुरीच्या शेतातून ती त्याला पायी नेणार, बालाजीच्या देवळात नेणार, पद्मतीर्थावर नेणार. फोनवर गाव दिसतं, पण पायांना ते ठाऊक होत नाही. पुढे त्याने कुठे राहायचं ते त्याचं तो ठरवील. वाट मात्र त्याला माहीत हवी, आणि ती सोबत चालून दाखवणं हे आमचं काम आहे.