लोणारच्या कांठावरचा हिशेब

कांठाशीं येईपर्यंत लोणार सरोवराची चाहूल लागत नाहीं. मग पायांखालची जमीन एकदम सरते, आणि खालीं १.८ किलोमीटर व्यासाचें वर्तुळ, भोंवतीं झाडी व मध्यें खारें पाणी असें दृश्य उघडतें. गेल्या माघांत आम्ही सहकुटुंब तेथें गेलों. दैत्यसूदनाचें दर्शन झालें, लवणासुराची कथा मुलांस सांगून झाली, आणि आम्ही अंमळ टेंकतों न टेंकतों तोंच धाकट्या नातवानें विचारिलें, "आजोबा, एवढा खड्डा पाडायला किती बॉम्ब लागतील?"

आम्ही वरमलों. हें विवर ज्वालामुखीचें, असें आम्हीं स्वतः कित्येक वर्षें वर्गांत शिकविलें होतें. उल्कापाताच्या प्रचंड दाबानेंच होणारी स्फटिकांची कांच येथील खडकांत सांपडल्याचें १९७३ सालींच प्रसिद्ध झालें होतें; पण आमच्या हातीं जुनीं पुस्तकें, आणि चौकशी करण्याचा आळस. त्या विद्यार्थ्यांचें देणें राहिलें तें राहिलेंच. नातवास तरी हिशेब चोख द्यावा म्हणून वही काढली.

माप टीएनटी या स्फोटकाच्या टनांत धरावयाचें. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या गोदींत 'फोर्ट स्टिकिन' जहाज उडालें, त्यावर सुमारें १,४०० टन स्फोटकें व दारूगोळा होता. त्या धडाक्याची गोष्ट आमचे वडील आयुष्यभर सांगत. हिरोशिमावरचा १९४५ चा बॉम्ब सुमारें १५,००० टनांचा, म्हणजे त्याच्या दसपट. आतां लोणार: साठ लक्ष टन हा आंकडा पुष्कळदां छापलेला आढळतो. म्हणजे चारशें हिरोशिमा! आम्हांस हाहि अंदाज कमीच वाटतो. कारण अमेरिकेंतील ॲरिझोनाचें विवर १.२ किलोमीटरचेंच, आणि त्यास एक कोटि टन धरितात. सैबेरियांत १९०८ सालीं तर आकाशस्थ पिंड वरच्यावर फुटला. खड्डा मुळींच पडला नाहीं, पण दोन हजार चौरस किलोमीटर अरण्य आडवें झालें.

"म्हणजे देवाचाच बॉम्ब मोठा," नातू म्हणाला. तसें म्हणवेना. ३० ऑक्टोबर १९६१ रोजीं सोव्हिएत रशियानें नोवाया झेमल्या बेटावर उडविलेला बॉम्ब पांच कोटि टनांचा होता. छापील आंकडा धरिला तर आठ लोणारें एका विमानांतून नेलीं म्हणावयाचीं.

"आणि माणसं किती मेली?"

हिरोशिमांत त्या वर्षअखेर सुमारें एक लक्ष चाळीस हजार, असें आम्हीं सांगितलें. लोणारचा आघात आर्गॉनच्या पद्धतीनें पांच लक्ष सत्तर हजार वर्षांपूर्वींचा ठरतो. मेलेल्यांची नोंद ठेवणारें तेव्हां कोणी नव्हतें. नातवानें आमच्या हातून वही घेऊन टनांच्या शेजारीं माणसांचा एक रकाना आंखला, लोणारसमोर रेघ ओढली, आणि मुंबईसमोर काय लिहावयाचें म्हणून आमच्याकडे पाहिलें. आठशें ते तेराशें, असें आम्हीं सांगितलें. मग कमळजा देवीच्या देवळाकडे उतरावयास निघालों.