आधी ऐका, मग छेडा

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून काकांचं मेंडोलिन खाली आलं. आठ तारा, पैकी तीन तुटलेल्या, पोटात उंदराचं घरटं. आत्या म्हणाली, "गणपतीत वाजवायचा दादा. तू शीक की." बनारसमधल्या ब्रह्मा घाटावरच्या मराठी घरात गणपतीचं नाव निघाल्यावर नाही म्हणता येत नाही.

तारा बसवून देताना दुकानदार म्हणाला, "गुरू, पहले सुनो, फिर छेड़ो." पण ऐकायचं काय? माझ्या लेखी मेंडोलिन म्हणजे मोहरीच्या शेतातला शाहरुख.

फोनवर शोधलं तर पहिले भेटले यू. श्रीनिवास. कर्नाटक संगीत, पाण्यासारखी गमकं. चार दिवस तसंच काढायला गेलो. बोटांची सालं निघाली, सूर मात्र टुण्णकन वाजून मरायचा. मग कळलं, त्यांचं वाद्य विजेवरचं; जोडतारा काढून त्यांनी पाच एकेरी तारा लावलेल्या. माझ्याकडे चार जोड्या, आणि उंदराने कुरतडलेलं पोट! मी भलत्याच वाद्याची नक्कल करत होतो.

तेव्हापासून कुठलंही रेकॉर्डिंग लावलं की एकच बघतो: मरणारा सूर हा वादक कसा जगवतो? इटालियन ढंगात पिक थरथरवत ठेवतात, त्याला ट्रेमोलो म्हणतात. अमेरिकेचे बिल मन्रो सूर लांबवण्यापेक्षा तालावर तुटून पडतात. आत्या स्वयंपाकघरातून ओरडली, "याची गाडी सुटतेय का?" क्रिस थीलीने 2013 साली बाखच्या व्हायोलिनसाठीच्या रचना मेंडोलिनवर वाजवल्या. दोन्ही वाद्यांच्या तारा एकाच स्वरांत लावतात, म्हणून बोटं तिथेच पडतात; पण गज नाही. विझणारा सूर तो विझू देतो. ब्राझीलच्या जाकोब दो बांदोलिम यांची 1967 सालची 'विब्रासोइन्स' लावली, तेव्हा आत्या भाजी चिरायची थांबली.

सगळ्यात उशिरा सापडले सज्जाद हुसेन. 'संगदिल', 'रुस्तम सोहराब'चे संगीतकार म्हणून नाव माहीत होतं. ते मेंडोलिनवर राग वाजवत, हे कुणी सांगितलंच नव्हतं. रात्री गच्चीवर कानाला फोन लावून ऐकलं. मला मिळालेली फीत खरखरीत, मधेच कुणीतरी खोकतंय. आणि त्या खरखरीतून सरळ मींड आली, पडद्यांच्या वाद्यातून! पुलावरून गाडी गेली तेवढा वेळ थांबवलं आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं.

नवशिक्याला माझं सांगणं: श्रीनिवास जरूर ऐका, पण नक्कल करू नका. जाकोबपासून सुरुवात करा. आणि कुणाकडे सज्जादसाहेबांची जुनी टेप पडून असेल, तर घेऊन या. टेपरेकॉर्डर आमच्याकडे चालू आहे.